मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक होते आणि त्यातल्या एकावर मास्तरांचा फार जीव होता.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेकचं पेडल बसवलेलं असतं. शिकाऊ माणूस गांगरला, त्याचे हातपाय गळाले, तर शेजारच्याने ते दाबायचं, एवढंच त्याचं काम. एरवी तिथे पाय नुसता तयार ठेवायचा. पण मास्तरांचा पाय स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हता. समोर कुत्रं दिसो, सायकल दिसो, सिग्नल पिवळा होवो, शिकणाऱ्याच्या डोक्यात विचार यायच्या आत मास्तरांचा पाय खाली गेलेला असायचा. तोही इतका अलगद, की चालवणाऱ्याला वाटावं गाडी आपणच थांबवली. "व्वा! छान थांबवलीत," असं वर मास्तरच म्हणायचे. यात लबाडी नव्हती हो. आपला पाय गेला कधी हे त्यांचं त्यांनाही कळत नसे.

माणूस तसा लाख. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, आवाज कधी चढायचा नाही. बाकीचे शिकवणारे तोंडाचा पट्टा सोडतात, मास्तर मात्र थरथरत्या शिकाऊला सांगायचे, "घाई कसली? रस्ता कुठे पळून जातोय का?" त्यामुळे भित्र्या लोकांची त्यांच्याकडे रीघ असे. वर्षानुवर्षं शिकवूनही त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता, आणि ही गोष्ट ते चारचौघांत निमित्त काढून सांगत. निमित्त सापडलं नाही तर निमित्त नसताना सांगत.

ब्रेकवर बोलायला लागले की मात्र त्यांना आवरणं कठीण. "आधी वेगावरचा पाय काढा, मग ब्रेकवर ठेवा. सुरुवातीला हलका, मग जोर वाढवा, आणि गाडी थांबता थांबता पाय किंचित सैल करा. मागे बसलेल्या माणसाची मान हलता कामा नये." उतारावर खालच्या गिअरमध्येच उतरायचं, कारण सारखा दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी हात वर करतो. पायाशी पाण्याची बाटली ठेवायची नाही, घरंगळत पेडलखाली गेली तर पेडल दबायचंच नाही. निघण्याआधी पेडल दाबून बघायचं. ते कडक लागलं पाहिजे, आणि त्यावर पाय ठेवून इंजिन सुरू केलं की जरासं खाली गेलं पाहिजे. सगळं कसं अगदी बरोबर सांगायचे. फक्त करू द्यायचे नाहीत.

घरी त्यांची बायको पुढच्या खोलीत शिलाईचं काम करायची. ओळखीचे सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. बाई बोलायला मोजकी, पण बोलली की टाका नेमका बसायचा. मास्तर तिलाही सोडत नसत. "अगं, मशीन थांबवताना पाय एकदम काढू नकोस, चाकाला झटका बसतो," असं ते म्हणाले की ती मान वर न करता म्हणायची, "माझ्या मशीनला मी एकटी पुरते. शेजारी कुणी बसावं लागत नाही."

एका सकाळी मास्तर आंघोळ करून पुढच्या खोलीत आले, पेपर उचलला आणि खुर्चीत बसले. मास्तरीणबाईंनी सहज खाली पाहिलं तर फरशीवर रक्ताचे ठिपके, मोरीपासून थेट खुर्चीपर्यंत.

"अहो, पाय बघू."

मास्तरांनी उजवा पाय वर केला. टाचेत टाचणी रुतली होती, पार डोक्यापर्यंत. शिवणाच्या घरात टाचण्या सांडतातच. पण टाचणी टोचली की माणूस बोंब मारतो. मास्तर मात्र तिच्यावर चालत येऊन पेपरातलं हवामान वाचत होते.

"लागलं नाही तुम्हाला?"

"लक्ष नव्हतं," मास्तर म्हणाले.

साखरेचा त्रास त्यांना कितीतरी वर्षं होता. मास्तरीणबाई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पायाला काय काय लावून पाहिलं, डोळे मिटायला सांगितले, आणि मग म्हणाले की साखरेने पायाच्या नसा निकामी होत चालल्यात, उजव्या पायाच्या जास्त. रोज तळवे बघायचे, अनवाणी चालायचं नाही. मग त्यांनी विचारलं, "गाडी चालवता का?"

"छे! गाडी लोक चालवतात. मी नुसता शेजारी बसतो," मास्तर म्हणाले.

डॉक्टर हसले. मास्तरही हसले. मास्तरीणबाई हसल्या नाहीत, पण डॉक्टरांसमोर नवऱ्याला तोंडघशी पाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी विषय काढला तेव्हा मास्तरांनी हात झटकला. "अगं, पायाला नसेल कळत, डोक्याला तर कळतं ना? इतक्या वर्षांची सवय आहे." आणि ते कामावर गेले. भीती वाटत नव्हती असं नाही. भीती वाटत होती म्हणूनच तर ते घाईने गेले. गाडीशिवाय आपण कोण, हा प्रश्न साठीच्या माणसाला सकाळी सकाळी झेपत नाही.

त्या दिवसांत त्यांच्याकडे एक बेकरीवाली शिकत होती. नवरा-बायको मिळून छोटी बेकरी चालवायचे. ती भट्टी सांभाळायची आणि नवरा व्हॅनमधून दुकानादुकानांत पाव पोचवायचा. नवऱ्याची कंबर धरली ती धरलीच, आता व्हॅन हिने चालवायची होती. तोवर शेजारचा एकजण मेहेरबानी केल्यासारखा पाव पोचवत होता, तो कधी पाय मागे घेईल याचा नेम नव्हता. बाई कष्टाची आणि हुशार. गिअर झटक्यात शिकली, आरशात बघणं शिकली, अरुंद गल्लीत गाडी मागे घेणं शिकली. लायसन्सची परीक्षा तोंडावर आली होती.

"तुमची गाडी फार गुणाची बाई," ती एकदा म्हणाली. "मनात आलं की थांबते. आमच्या व्हॅनचं कसं होणार कुणास ठाऊक."

मास्तरांना ते कौतुक वाटलं. गाडीचं कौतुक म्हणजे आपलंच, असं त्यांचं गणित.

मग तो दिवस उजाडला. घाऊक बाजाराकडे उतरणारा रस्ता. उतार फार नाही, पण लांबलचक. खाली एक हमाल हातगाडीवर रिकाम्या खोक्यांची उतरंड रचून रस्ता ओलांडत होता. बेकरीवालीने तो पाहिला. मास्तरांनीही पाहिला, आणि त्यांचा पाय नेहमीसारखा खाली गेला. निदान त्यांना तसं वाटलं. खरं म्हणजे पाय पेडलच्या बाजूला घसरून नुसती खालची चटई दाबत होता, आणि ते सांगायला पायात काही उरलंच नव्हतं.

बेकरीवाली वाट बघत राहिली. कसली वाट, हे तिलाही सांगता आलं नसतं. गाडी नेहमी इथवर आली की मंदावायची, आज मंदावेना.

मास्तरांनी खाली पाहिलं. पाय भलतीकडेच. ते ओरडले, "ब्रेक!"

मास्तर ओरडले हेच त्या बाईला नवीन. तिने दोन्ही पायांनी सापडेल ते दाबलं. चाकं किंचाळली, हमालाने हातगाडी सोडून बाजूला उडी मारली, आणि गाडी खोक्यांच्या ढिगात घुसली. आरसा तुटला, हातगाडीचा दांडा मोडला. माणसाला खरचटलंही नाही. पण हमाल पडला होता तिथून गाडीचं तोंड हातभर अंतरावर होतं, आणि ते अंतर मास्तरांनी नीट पाहून घेतलं.

हमाल उठून आला आणि त्याने गाडीवरची पाटी मोठ्याने वाचली. "शिकाऊ! शिकाऊ कोण हो, ही का तुम्ही? तुमच्या पायाशी काय शोभेचा ब्रेक आहे?"

"माझं चुकलं, दादा. माझंच चुकलं," बेकरीवाली रडत म्हणाली.

इथे मास्तरांनी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. हमालाची समजूत काढली, दांडा करून देतो म्हणाले, खोकी उचलू लागले. खोकी उचलताना माणसाला वर बघावं लागत नाही. बेकरीवाली पदराने डोळे पुसत परत निघाली आणि म्हणाली, "मास्तर, मला नाही जमणार. उद्या माणूस मारीन मी. परीक्षा नको नि काही नको." मास्तर आरशाच्या काचा वेचत राहिले.

संध्याकाळी घरी त्यांना जेवण जाईना. मास्तरीणबाईंनी विचारलं तशी त्यांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता अजूनही ते म्हणत होते की एखाद्या वेळी कुणाचाही पाय चुकतो. मास्तरीणबाईंनी मापाची पट्टी घेतली. "डोळे मिटा. पट्टी कुठे लागते ते सांगा."

मास्तरांनी डोळे मिटले. थोडा वेळ गेला. "अंगठ्याला," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता टाचेला."

उत्तर येईना म्हणून त्यांनी डोळे उघडले. पट्टी मास्तरीणबाईंच्या मांडीवर होती.

"मी अजून लावलीच नाहीये," त्या म्हणाल्या. मग त्यांचा स्वर बदलला. "पाय गेला त्यात तुमचा दोष नाही हो. पण त्या बाईला तुम्ही रडू दिलंत?"

मास्तर रडले. बायकोसमोर रडायची त्यांना लाज वाटली नाही, लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती.

सकाळी ते बेकरीवर गेले. भट्टीच्या खोलीत पिठाचा पांढरा थर, भिंतीला टेकवलेले पत्र्याचे ट्रे, कोपऱ्यात कंबरेला पट्टा बांधून स्टुलावर बसलेला नवरा. बेकरीवाली कणकेचे गोळे तोडत होती. मास्तरांनी बसायला नकार दिला आणि उभ्यानेच सांगितलं. चूक तुमची नव्हती. माझा पाय बधिर आहे, मला माहीत होतं, मी लपवलं.

तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मास्तरांना तिथे थांबता आलं असतं. पण आता निघालंच आहे तर सगळं निघू दे, अशा हट्टाने ते पुढे बोलले. "आणि आणखी एक. इतके दिवस गाडी तुम्ही थांबवत नव्हता. मीच थांबवत होतो. तुम्ही ब्रेक कधी लावलाच नाहीत."

हातातला गोळा हातातच राहिला. "म्हणजे मला येतच नाही?"

"बाकी सगळं येतं."

"बाकी सगळं येऊन काय करू? गाडी न थांबवता येणाऱ्या बाईला बाकीचं काय कामाचं?" तिचा आवाज चढला. "तुम्ही व्वा व्वा म्हणत होता आणि मी फुशारत होते. मग शिकवलंत काय मला?"

नवरा म्हणाला, "अगं, मोठ्या माणसाशी..."

"मोठं माणूस आहे म्हणूनच विचारतेय!"

मास्तर एवढंच म्हणाले, "दोन दिवस द्या मला. परीक्षा सोडू नका."

त्यांच्या स्कूलच्या समोरच दुसरं ड्रायव्हिंग स्कूल होतं. चालवणारी बाई मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. लोक तिला मॅडम म्हणायचे. मॅडमची गाडी नवी, पाटी झगमगीत, आणि मास्तरांनी आजवर त्या पाटीला नाकं मुरडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. रस्ता ओलांडून तिच्या दारात जाणं म्हणजे त्यांना गड उतरून आल्यासारखं झालं. त्यांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "माझ्या जागी तुम्ही बसाल का?"

मॅडम म्हणाली, "मास्तर, रागावू नका. माझंही असंच झालं होतं. लायसन्स मिळालं आणि काही दिवसांतच मी भावाची गाडी भिंतीवर घातली. शेजारी तो बसला होता, त्याचा हात मोडला. मला वाटायचं मीच मठ्ठ. पुढे स्वतः शिकवायला लागले तेव्हा कळलं की माझा पाय तुमच्या पायाची वाट बघत होता."

"मला कधी बोलली नाहीस?" मास्तर एकदम अगंतुगंवर आले.

"कशी बोलणार? तुमच्याइतक्या प्रेमाने मला कुणीच काही शिकवलं नव्हतं."

मास्तरांना वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आजवर किती जणांना व्वा म्हणून रस्त्यावर सोडलं, ही मोजदाद त्यांच्या डोक्यात सुरू झाली आणि थांबेना. ओरखडा त्यांच्या गाडीला नव्हता, तो लोकांच्या गाड्यांवर पडत होता.

जवळच्या एका गोदामामागचं मोकळं आवार मॅडमने मागून घेतलं. मॅडम तिच्या गाडीत शेजारी, पाय पेडलजवळ तयार, पण वर नाही. बेकरीवाली स्टिअरिंगपाशी, ओठ मिटून. मागच्या सीटवर मास्तर. पुढे पुठ्ठ्याची खोकी लावलेली. मॅडम म्हणाली, "ताई, मी काही करणार नाही. इथे धडकलात तर पुठ्ठा फाटेल, बस्स."

पहिल्या वेळी बेकरीवालीने पुठ्ठा फाडला. दुसऱ्या वेळीही फाडला. मास्तरांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती. प्रत्येक खेपेला त्यांचा जीव वरखाली व्हायचा आणि तोंडातून 'थांबा' बाहेर पडायला बघायचं. ते त्यांनी गिळलं. चाळीस वर्षांत त्यांनी काही कठीण केलं असेल तर हे, गप्प बसून दुसऱ्याला उशीर होऊ देणं. मग हळूहळू ती पुठ्ठ्याच्या अलीकडे थांबायला लागली. आधी धसकत, मान आपटत, पण स्वतःच्या पायाने.

"आता जोरात थांबवायची," मॅडम म्हणाली. "दाबायचं ते पूर्ण, आणि सोडायचं नाही."

बेकरीवालीने दाबलं आणि दचकून पाय उचलला. "पेडल थरथरतंय! काही मोडलं का?"

"काही मोडलं नाही," मागून मास्तर म्हणाले. त्या दिवसातलं हे त्यांचं पहिलं वाक्य. "चाकं अडकू नयेत म्हणून ब्रेक स्वतःच धरतो आणि सोडतो, त्याची ती थरथर. ती लागली म्हणजे तो काम करतोय. आपण पाय रोवून ठेवायचा आणि वळायचं तिकडे स्टिअरिंग वळवायचं. तुम्हाला ती लागते ना पायाला?"

"हो, चांगली लागते."

"मग तुमचा पाय माझ्यापेक्षा चांगला आहे," मास्तर म्हणाले. बेकरीवालीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. त्या प्रसंगानंतर ती प्रथमच त्यांच्याकडे नीट बघत होती.

परीक्षा ती पास झाली. मास्तरांनी आपली गाडी मॅडमला देऊन टाकली आणि स्कूलला कुलूप लावलं. जुन्या विद्यार्थ्यांतले जे जे आठवले त्यांच्या घरी ते जाऊन आले. "ब्रेक नीट लागतो ना तुमच्याकडून?" असं विचारायचे. काही हसले, काहींना वाटलं मास्तरांचं वय झालं. तिघाचौघांनी मात्र मान खाली घातली आणि मॅडमच्या आवारात येऊन पुठ्ठे फाडून गेले.

आता मास्तर पायी फिरतात. जाड तळव्याचे बूट घालून, बायकोने सकाळी तळवे तपासून सोडल्यावर. चालणाऱ्या माणसाला रस्ता वेगळाच दिसतो. येणारी प्रत्येक गाडी आता त्यांना प्रश्न विचारल्यासारखी वाटते आणि उत्तर त्यांच्या हातात नसतं. रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी ते कितीतरी वेळ उभे राहतात. सिग्नलमध्ये हिरवा माणूस दिसला तरी गाड्या थांबल्याची खात्री होईपर्यंत फुटपाथ सोडत नाहीत.

अशाच एका सकाळी ते पट्ट्यांपाशी उभे होते. सिग्नल बंद पडलेला. कोण कुणासाठी थांबणार? थोडी फट दिसली म्हणून ते उतरले, आणि रस्त्याच्या मध्यावर आल्यावर त्यांना वळणावरून येणारी व्हॅन दिसली. मागे फिरायला उशीर झाला होता. पुढे धावायला पाय नव्हते. मास्तर जागच्या जागी खिळले. आयुष्यभर ते ब्रेकच्या मागे बसले होते, ब्रेकच्या समोर उभं राहायची पाळी आज पहिल्यांदा आली.

व्हॅनने दुरूनच वेग सोडला. मग ती मंदावली, आणखी मंदावली, आणि पट्ट्यांच्या अलीकडे अशी येऊन थांबली की तिचं नाक खाली गेलं नाही. मागच्या ट्रेमधले पाव जिथल्या तिथे होते, ते काचेतून मास्तरांना दिसले. शेजारची सीट रिकामी होती.

मास्तर तिथेच उभे राहिले. त्यांना पुढे जायचं सुचेना. व्वा म्हणायचं होतं, पण त्यांनी नुसती मान डोलावली.

बेकरीवालीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "चला ना मास्तर," ती म्हणाली, "सावकाश जा. मी आहे थांबलेली."